शेमा कधी म्हणायचा? तोरा शिकायला इंटरनेटवर कुठून सुरुवात करावी

आमच्या आजीला हिब्रू वाचता येत नव्हतं. पण रोज रात्री अंथरुणावर बसून, उजव्या हाताने डोळे झाकून ती शेमा ही प्रार्थना म्हणायची. 'शेमा इस्राएल', म्हणजे 'हे इस्राएला, ऐक'. अर्थ विचारला की म्हणायची, "देव एकच आहे, एवढं कळलं की पुरे. झोप आता."

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. आमचे पूर्वज कोकणात नवगावच्या किनाऱ्याला लागले आणि अलिबाग, पेण, रेवदंड्याच्या गावांत तेल गाळत राहिले, अशी आमच्या घराघरांत सांगितली जाणारी हकिगत. पोथ्या समुद्रात गेल्या. हाती उरलं ते शनिवारी घाणा बंद ठेवणं, मुलाची आठव्या दिवशी सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि हा शेमा. शनिवारी घाणा फिरत नाही म्हणून गावाने नाव ठेवलं 'शनवार तेली'.

काही वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा फोनवर तालमूद उघडला. तालमूद म्हणजे यहुदी धर्मचर्चेचा महासागर, हजारो पानांचा. त्याच्या पहिल्या पानावरचं पहिलं वाक्य होतं: 'संध्याकाळी शेमा कधीपासून म्हणायचा?' मी ते वाक्य तीनदा वाचलं. आजीने हातात घट्ट धरून ठेवलेला एकच धागा, आणि एवढ्या मोठ्या ग्रंथालयाचं दार नेमकं त्याच धाग्यापाशी उघडत होतं.

ज्यांना तोरा शिकायचीय पण जवळ शिकवणारं कुणी नाही, त्यांच्यासाठी हे लिहितेय. त्यात आमच्या समाजाची मुलं आहेत, धर्मांचा अभ्यास करणारे विद्यार्थी आहेत, आणि 'जुना करार' मराठीत वाचलेला असून यहुदी लोक तो कसा वाचतात याचं कुतूहल असलेलेही आहेत. इंटरनेटवर साहित्याचा तुटवडा अजिबात नाही. उलट एवढं आहे की नवा माणूस पहिल्याच दिवशी गांगरतो. म्हणून संकेतस्थळांची नावं सांगण्याआधी ग्रंथांची मांडणी समजून घेऊ. ती कळली की कुठे काय शोधायचं हे निम्मं आपोआप कळतं.

कोणता ग्रंथ कुठे बसतो

'तोरा' हा शब्द दोन अर्थांनी वापरतात. नेमक्या अर्थाने तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तकं: बेरेशीत, शेमोत, वायिक्रा, बामिदबार आणि देवारीम. मराठी बायबलमध्ये हीच उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद या नावांनी आहेत. व्यापक अर्थाने मात्र तोरा म्हणजे सगळंच शिक्षण, मूळ ग्रंथापासून कालच्या प्रवचनापर्यंत.

पाच पुस्तकांना संदेष्ट्यांची आणि इतर लेखनाची पुस्तकं जोडली की होतो 'तनाख'. यहुदी गणतीने एकूण २४ पुस्तकं. जुना करार वाचलेल्यांनी इथे एक लक्षात ठेवावं. मजकूर बहुतांशी तोच असला तरी पुस्तकांचा क्रम वेगळा आहे आणि काही ठिकाणी अध्यायांचे आकडेही जुळत नाहीत. मलाखीचे हिब्रूत ३ अध्याय आहेत, मराठी बायबलमध्ये ४. संदर्भ सापडला नाही तर घाबरू नका, एखादा अध्याय मागेपुढे बघा.

तनाखनंतर येते मिश्ना. पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेले नियम आणि मतभेद साधारण इसवी सन २०० च्या सुमारास रब्बी (म्हणजे धर्मगुरू) येहुदा हानासी यांनी एकत्र बांधले. तिचे ६ मोठे विभाग आणि ६३ प्रकरणग्रंथ आहेत. भाषा इतकी आटोपशीर की आपल्याकडच्या सूत्रांची आठवण व्हावी. आणि सूत्र म्हटलं की भाष्य आलंच. मिश्नेवर बॅबिलोनियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या विद्यापीठांत काही शतकं जी चर्चा चालली ती गेमारा, आणि मिश्ना अधिक गेमारा म्हणजे तालमूद. एरेत्स इस्राएलमध्ये, म्हणजे इस्राएलच्या भूमीत रचलेला दुसरा तालमूदही आहे, पण नुसतं 'तालमूद' म्हटलं की बहुधा बॅबिलोनचाच.

ज्यांनी शास्त्रचर्चा ऐकली आहे त्यांना हा पूर्वपक्ष आणि उत्तरपक्षाचा खेळ ओळखीचा वाटेल. फरक एवढाच की इथे सिद्धान्त येईलच असं नाही. दोन्ही बाजू तुल्यबळ निघाल्या तर गेमारा 'तेकू' म्हणते, म्हणजे 'राहू दे तसंच', आणि पुढे जाते. निकाल न लागलेला वादही जपून ठेवायचा, हरलेल्याचं मतही त्याच्या नावानिशी नोंदवायचं, ही या ग्रंथाची मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट.

त्यानंतरचे टीकाकार आणि नियमग्रंथ इथे सगळे सांगत बसत नाही. दोन नावं तेवढी लक्षात ठेवा. एक राशी. आपल्या मेष-वृषभेशी याचा संबंध नाही, 'रब्बी श्लोमो यित्सहाकी' या नावाची ती आद्याक्षरं. १०४० ते ११०५ हा त्यांचा काळ, फ्रान्समधलं त्र्वा हे गाव. तोरा असो की तालमूद, पहिला हात धरायचा तो राशीचा. दुसरं नाव रामबाम, म्हणजे मायमोनिदीस. त्यांनी सगळे नियम १४ पुस्तकांत लावून ठेवले. हिंदुस्थानातल्या यहुद्यांना लेखी तोरा माहीत नाही, शब्बाथ (शनिवारचा विसावा) पाळणं आणि आठव्या दिवशी सुंता करणं एवढंच त्यांना ठाऊक आहे, असं त्यांनी फ्रान्सच्या पंडितांना लिहिलेल्या एका पत्रात म्हटलं होतं. हा उल्लेख आमचाच की दुसऱ्या कुणाचा, यावर अभ्यासकांत एकमत नाही. मी मात्र ते पत्र वाचताना माझ्या आजीलाच बघत होते.

एक पान जवळून

आता त्या पहिल्या पानाकडे परत येऊ, कारण पान वाचता आलं की संकेतस्थळ वापरता येतं. ग्रंथाचं नाव 'बेराखोत', म्हणजे आशीर्वचनं. पान २, बाजू अ. पान १ नाहीच! तालमूदचा जवळपास प्रत्येक ग्रंथ दुसऱ्या पानापासून सुरू होतो. मुखपृष्ठ पहिलं पान म्हणून धरलं गेलं, असं त्याचं साधं कारण सांगतात. पहिला संपूर्ण छापील तालमूद १५२० ते १५२३ या काळात व्हेनिसमध्ये निघाला. छापणारा दानिएल बोम्बेर्ग हा अँटवर्पहून आलेला ख्रिस्ती माणूस. त्याने लावलेले पानांचे आकडे आजही तसेच चालतात. म्हणून जगात कुठेही 'बेराखोत २अ' म्हटलं की सगळे एकाच पानावर येतात.

पानाच्या मधोमध मिश्ना आणि गेमारा, एका अंगाला राशी, दुसऱ्या अंगाला 'तोसाफोत', म्हणजे राशीच्या नातवंडांनी आणि त्यांच्या शिष्यांनी घातलेली भर.

मिश्ना विचारते, संध्याकाळी शेमा कधीपासून म्हणायचा? उत्तर घड्याळाचं नाही. 'याजक आपलं तेरुमा खायला आत जातात तेव्हापासून.' तेरुमा म्हणजे शेतमालातून काढलेला याजकांचा वाटा. ज्या याजकाला विटाळ झाला असेल त्याने अंघोळ करून सूर्य मावळून तारे दिसेपर्यंत थांबायचं आणि मगच खायचं. म्हणजे तारे दिसले की शेमा म्हणावा. आणि कधीपर्यंत? रब्बी एलिएझेर म्हणतात, रात्रीचा पहिला प्रहर संपेपर्यंत. इतर ज्ञानी म्हणतात, मध्यरात्रीपर्यंत. राब्बान गामलिएल म्हणतात, पहाट फुटेपर्यंत. लगेच एक घरगुती प्रसंग येतो. गामलिएलांची मुलं लग्नाच्या जेवणावळीतून उशिरा घरी आली आणि म्हणाली, आमचा शेमा राहिलाय. बाप म्हणाला, पहाट फुटली नसेल तर अजूनही तुम्हाला म्हणायलाच हवा. धर्मग्रंथाच्या पहिल्याच पानावर लग्नाहून उशिरा आलेली मुलं भेटतील, असं मला वाटलं नव्हतं.

मग गेमारा सुरू होते आणि पहिलाच प्रश्न मिश्नेला विचारते: तुम्ही कशाच्या आधारावर उभे आहात की थेट 'कधीपासून' म्हणून विचारता? शेमा म्हणायचा असतो हे आधी सांगितलंत कुठे? आणि सकाळचं सोडून आधी संध्याकाळ का? गेमाराच उत्तर देते की आधार तोरात आहे. देवारीमच्या सहाव्या अध्यायात 'निजताना आणि उठताना' असं म्हटलंय, निजणं आधी आणि उठणं नंतर. हवं तर जगाच्या निर्मितीकडे बघा: 'संध्याकाळ झाली, सकाळ झाली, तो पहिला दिवस.' तिथेही संध्याकाळच आधी येते.

आता बाजूचा राशी. त्यांच्या काळी लोक सिनॅगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनामंदिरात, अंधार पडण्याआधीच शेमा म्हणून मोकळे होत. हे कसं चालेल? राशी सांगतात, तेवढ्याने भागत नाही, अंधार पडल्यावर पुन्हा म्हणायला हवा, आणि निजताना अंथरुणावर माणूस जो शेमा म्हणतो त्यानेच त्याचं कर्तव्य पुरं होतं. पलीकडे तोसाफोत म्हणतात, छे! राशीच्या मुलीचा मुलगा, रब्बेनू ताम, आजोबांना उलटून सांगतो की सिनॅगॉगमधला शेमाच मुख्य. आजोबा पानाच्या एका अंगाला आणि नातू दुसऱ्या अंगाला, नऊशे वर्षं हा वाद चालू आहे.

मला त्या रात्री एवढंच दिसलं की माझी आजी राशीच्या बाजूची होती. तिला राशी हे नाव ठाऊक नव्हतं, पण अंथरुणावरचा शेमा तिने एक दिवसही चुकवला नाही.

हेच पान फोनवर

हे सगळं मी जिथे वाचलं त्याचं नाव सेफारिया. जॉशुआ फोर आणि ब्रेट लॉकस्पायझर या दोघांनी २०११ मध्ये ना नफा तत्त्वावर सुरू केलेलं हे मोफत ग्रंथालय आहे. तुम्हाला एकच पत्ता लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवा. ॲपही आहे.

वापरायचं असं. शोधाच्या चौकटीत ग्रंथाचं नाव आणि पान टाका. हिब्रू आणि इंग्रजी मजकूर समोर येतो. कुठल्याही वाक्यावर बोट ठेवलं की बाजूला एक पट्टी उघडते, आणि त्या वाक्याला जे जे कुणी धरून बोललंय ते सगळे तिथे हजर होतात: राशी, तोसाफोत, मूळ तोरामधलं वचन, नंतरचे नियमग्रंथ. छापील पानावर जे चारी बाजूंनी दाटलेलं असतं ते इथे एकेक करून हाताला लागतं. 'निजताना आणि उठताना' या वचनावर बोट ठेवलं की देवारीममध्ये जाता येतं, तिथून पुन्हा राशीकडे. सुरुवातीला मी या धाग्यांत तासन्‌तास भरकटायचे. आता एका बैठकीला तीनच धागे ओढायचे, असा नियम करून घेतलाय.

तालमूदच्या इंग्रजी भाषांतराबद्दल एक बारकावा सांगते, तो कळला नाही तर फसायला होतं. तिथला अनुवाद रब्बी आदिन स्टाइनसाल्त्स यांच्या कामावर आधारलेला आहे. त्यांनी १९६५ मध्ये हात घातलेलं काम २०१० मध्ये पुरं झालं, आणि २०१७ मध्ये ते सेफारियावर सगळ्यांना मोफत खुलं झालं. या अनुवादात ठळक अक्षरांतले शब्द म्हणजे मूळ मजकुराचं शब्दशः भाषांतर, आणि साध्या अक्षरांतले शब्द अनुवादकाने समजण्यासाठी घातलेले. एकदा फक्त ठळक शब्द वाचून बघा. गेमारा किती कमी बोलते आणि किती गृहीत धरते ते कळेल. टीकाकारांची गरज का पडली, तेही कळेल.

हिब्रू शब्दावर दोनदा टिचकी मारली की शब्दकोश उघडतो. त्यात तालमूदच्या अरामी भाषेसाठी मार्कस जास्ट्रोचा जुना जाणता कोशही आहे.

लिपीची भीती

इंग्रजीवर खूप काही वाचता येतं, पण अक्षरओळख करून घ्याच. मुळाक्षरं २२, उजवीकडून डावीकडे. महिनाभर रोज पंधरा मिनिटं दिली तर येतात. देवनागरीत काना-मात्रा असतात तशा हिब्रूत अक्षरांखाली-वर खुणा असतात, त्यांना निक्कुद म्हणतात. अडचण अशी की तोराच्या हस्तलिखित गुंडाळीत त्या नसतात, तालमूदमध्येही नसतात. मोडी वाचताना ऱ्हस्व-दीर्घाचा अंदाज आपणच बांधायचा असतो, साधारण तसंच. त्यावर 'दिक्ता' नावाच्या इस्रायली संस्थेचं नकदान हे साधन उपयोगी आहे. खुणा नसलेला मजकूर त्यात टाकला की खुणा लावून मिळतो. क्वचित चुकतो, पण नवशिक्याला मोठा आधार.

'राशी लिपी' नावाचं एक भूत पूर्वी सगळ्यांना घाबरवायचं. टीका मूळ मजकुराहून वेगळी दिसावी म्हणून मुद्रकांनी वापरलेला तो टंक. राशींनी स्वतः त्या अक्षरात कधी लिहिलं नव्हतं. पडद्यावर टीका साध्या हिब्रू अक्षरात येते, त्यामुळे ते भूत सुरुवातीला तरी वाटेत येत नाही. हिब्रू कानावर पडायला हवं असेल तर मेखोन मामरे या संकेतस्थळावर तनाखचं वाचन ऐकता येतं. तिथेच हिब्रू आणि १९१७ चं जुनं इंग्रजी भाषांतर शेजारी शेजारी आहे. पान दिसायला साधं, पण हलकं. गावाकडच्या नेटवरही उघडतं.

मराठीतून शिकायची सोय मात्र आज फार तोकडी आहे, आणि हे लिहिताना वाईट वाटतं. कारण एकेकाळी ती होती. १८३२ मध्ये मुंबईत जॉन विल्सन या मिशनऱ्याने बेने इस्राएलांसाठी मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडण या सणाच्या रात्री वाचायची हग्गादा मराठी अर्थासह निघाली. जोसेफ एजेकिएल राजपुरकरांनी प्रार्थनेची पुस्तकं मराठीत आणली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आमच्या लोकांनी कीर्तनंही रचली, तोरातली आख्यानं मराठी चालींवर. पंडिता रमाबाईंनी केडगावात बसून मूळ हिब्रूवरून मराठी बायबल केलं, ते ख्रिस्ती वाचकांसाठी असलं तरी हिब्रूशी भिडलेलं मराठी कसं दिसतं हे बघायला मी ते शेजारी ठेवते. सेफारियावर वाचताना वहीत एका वचनाचं मराठी करून बघण्याची सवय मी लावून घेतलीय. ज्या वचनाचं मराठी होत नाही ते मला कळलेलं नाही, असं समजते.

रोजचा नेम

तोराचा अभ्यास पंचांगाला बांधलेला आहे, आणि एकट्याने शिकणाऱ्याला हा मोठा आधार. पाच पुस्तकांचे ५४ भाग पाडलेले आहेत. एकेक भाग म्हणजे पाराशा. दर शब्बाथला जगभरच्या सिनॅगॉगांत तोच भाग वाचला जातो, कधी कधी दोन जोडून, आणि वर्षाअखेर सिम्हात तोराच्या दिवशी शेवट वाचून लगेच पुन्हा सुरुवात होते. प्रत्येक पाराशाचे सात तुकडे असतात. रोज एक तुकडा आणि त्यावरचा थोडा राशी, एवढ्यानेच वर्षभरात तोरा पुरी होते. नवख्याने इथूनच सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे.

या आठवड्याची पाराशा कोणती हे हिबकॅलवर बघा. आपल्या गावाचं नाव टाकलं की मुंबई असो, पुणे असो, शुक्रवारी शब्बाथचे दिवे लावायची वेळ, तारे दिसायची वेळ, सणांच्या तारखा, सगळं मिळतं आणि फोनच्या कॅलेंडरमध्ये उतरवून घेता येतं. दिव्यांची वेळ साधारण सूर्यास्ताआधी १८ मिनिटांची धरलेली असते. आजी ज्याला 'नव्याचा सण' म्हणायची तो यहुदी नववर्षाचा सण तिथे रोश हशाना या नावाने सापडेल.

संपूर्ण तनाख वाचायचा असेल तर '९२९' नावाचा उपक्रम आहे. तनाखचे अध्याय ९२९, म्हणून हे नाव. आठवड्याचे पाच दिवस रोज एक अध्याय, त्यावर छोटी टिपणं.

आणि ज्यांना झेपेल त्यांनी दाफ योमी घ्यावा, म्हणजे रोज तालमूदचं एक पान, दोन्ही बाजू. १९२३ मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत रब्बी मेईर शापिरो यांनी ही कल्पना मांडली. २७११ पानं, सुमारे साडेसात वर्षं. सध्याची १४वी फेरी ५ जानेवारी २०२० ला सुरू झाली, ती ७ जून २०२७ ला संपते आणि दुसऱ्याच दिवशी पुढची सुरू होते. रोजच्या पानाचे पाठ ऐकायचे असतील तर माझा कल हद्रानकडे आहे. इस्रायलमधल्या रानानाच्या रब्बानीत (धर्मशिक्षिका) मिशेल कोहेन फार्बर रोज हे पान शिकवतात, हिब्रूत आणि इंग्रजीतही. पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांना तालमूद शिकवत नसत. मागची फेरी संपली तेव्हा जानेवारी २०२० मध्ये जेरुसलेमच्या सभागृहात हजारो स्त्रिया समारोपाला जमल्या होत्या. 'हद्रान' हा शब्द प्रत्येक ग्रंथ संपवताना म्हणतात: आम्ही तुझ्याकडे परत येऊ. पुस्तकाचा असा निरोप घ्यायची रीत मला दुसरीकडे कुठे दिसली नाही.

पुढच्या टप्प्यासाठी आणखी काही. अलहतोरा इथे एका वचनावरचे मध्ययुगीन टीकाकार ओळीने मांडलेले मिळतात, मतभेद तुलनेने बघायचे तर ते उत्तम. हिब्रूबुक्सवर जुन्या छापील पुस्तकांच्या हजारो स्कॅन प्रती आहेत. इस्रायलच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जगभरची हिब्रू हस्तलिखितं एका ठिकाणी बघायची सोय केलीय.

बोलणारा कोण आहे?

शोधयंत्रात प्रश्न टाकला की पहिल्या पानावर दहा उत्तरं येतात, आणि ती दहा घरांची असतात. खबाद ही हसिदी, म्हणजे भक्तिमार्गी यहुद्यांची चळवळ, तिचं संकेतस्थळ सर्वांत जुन्यांपैकी एक आणि अतिशय भरलेलं, पण दृष्टी सनातनी आणि त्यांच्या गुरुपरंपरेची. वायूतोरा हे न्यूयॉर्कच्या येशिवा विद्यापीठाचं, ध्वनिमुद्रित व्याख्यानांचं भांडार. माय ज्युइश लर्निंग कुठल्याही एका पंथाचं नाही, 'शब्बाथ म्हणजे काय' अशा पहिल्या प्रश्नांना तिथे सोपी उत्तरं मिळतात. द तोरा डॉट कॉमवर विद्यापीठीय पद्धतीने, तोराचा मजकूर इतिहासात कसा घडला याची चर्चा असते. ती काहींना पटणार नाही, पण ते लपवाछपवी करत नाहीत. रिफॉर्म, म्हणजे सुधारक पंथाची स्वतःची संकेतस्थळं वेगळी. यात खरं-खोटं ठरवायला मी बसलेली नाही. एखादं उत्तर कुठल्या अंगणातून आलंय हे माहीत असलं की ते नीट ऐकता येतं.

मी स्वतः फसले आहे. सुरुवातीच्या दिवसांत एका संकेतस्थळावर तीन आठवडे पाराशांचे लेख वाचत होते. हिब्रू शब्द, दिव्यांची चित्रं, सगळं आपलंच वाटत होतं. चौथ्या आठवड्यात लेखाच्या शेवटी येशूवर विश्वास ठेवण्याचं आवाहन आलं. ज्याची त्याची श्रद्धा ज्याला त्याला लखलाभ, पण आपण कोण आहोत हे त्यांनी आधी सांगायला हवं होतं. तेव्हापासून कुठलंही नवं पान उघडलं की मी आधी 'आमच्याविषयी' वाचते.

दुसरी सवय अशी. 'तालमूदमध्ये असं म्हटलंय' असं कुणीही सांगितलं, मग तो व्हॉट्सॲपवरचा संदेश असो की यंत्राने लिहून दिलेलं उत्तर, तर ग्रंथाचं नाव आणि पान मागायचं आणि सेफारियावर उघडून बघायचं. पान नसेल तर पुढे पाठवायचं नाही. पान असलं तरी ते मत कुणाचं आणि पुढच्या ओळीत त्याला कुणी खोडून काढलंय का, तेवढं पाहायचं. आणि प्रत्यक्ष आचाराचा प्रश्न असेल, लग्न, सुतक, खाण्याचा नियम, तर जाणत्या माणसालाच विचारायचं. पडदा तुमच्या घरची परिस्थिती विचारत नाही.

शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी तारे दिसेपर्यंत, नेमाने पाळणारे लोक फोन-कंप्युटर बंद ठेवतात. शिकायला सगळ्यांत निवांत वेळ नेमका तोच! म्हणून शुक्रवारी दुपारी पाराशा आणि एखादा राशी छापून ठेवायचा. सेफारियावर आपल्याला हवी ती वचनं निवडून एका कागदावर लावता येतात, लोकांनी आधी करून ठेवलेले असे असंख्य कागदही आहेत. देवाचं नाव असलेला हिब्रू कागद केरात टाकत नाहीत, तो वेगळा साठवून पुरतात. सिनॅगॉगमध्ये अशा कागदांची जागा असते, तिला गेनिझा म्हणतात. कैरोच्या एका गेनिझात हजार वर्षं साठलेल्या कागदांतून मध्ययुगीन व्यापाऱ्यांची पत्रं निघाली, त्यांत हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरूनही लिहिलेली आहेत, आणि त्यांतली बरीच आज पडद्यावर बघता येतात.

जोडीदार

हे सगळं असूनही एक गोष्ट संकेतस्थळ देत नाही. तोरा एकट्याने शिकायची नसते. दोघांनी समोरासमोर बसून, मोठ्याने वाचून, एकमेकांना अडवत शिकायची, याला हावरुता म्हणतात. तालमूदमध्येच एक म्हण आहे: हावरुता तरी हवी, नाहीतर मरण. जोडीदार तज्ज्ञ नसला तरी चालतो. 'हे कसं काय?' असं विचारणारा हवा.

माझी हावरुता इस्रायलमध्ये, अश्दोदला आहे. माझी मावसबहीण, मी तिला ताई म्हणते. तिचं हिब्रू रोजच्या वापरातलं, माझं शब्दकोशातलं. बुधवारी आमच्याकडे रात्रीचे दहा वाजतात तेव्हा तिच्याकडे उन्हाळ्यात साडेसात आणि हिवाळ्यात साडेसहा असतात. ती स्वयंपाक उरकता उरकता बोलते, मी फोन उशीला टेकवून वाचते. दाफ योमीचा वेग आम्हाला झेपत नाही. आम्ही आठवड्याला अर्धं पान करतो. दोघीही हिब्रू आणि इंग्रजीतून वाचतो आणि भांडतो मराठीत.

परवा पान ३अ वर पोचलो. रब्बी एलिएझेर सांगतात, रात्रीचे प्रहर तीन. पहिल्या प्रहरात गाढव ओरडतं, दुसऱ्यात कुत्री भुंकतात, तिसऱ्यात तान्हं मूल आईच्या अंगावर पितं आणि बाई नवऱ्याशी बोलते.

"ताई, तीन कसे? आजी तर चार सांगायची. पहाटेच्या चौथ्या प्रहराला उठून दळायला बसायची म्हणे तिची आई."

ताईने गॅस बारीक केल्याचा आवाज आला. "बाजू उलट ना," ती म्हणाली. "३ब वर बघ. रब्बी नाथान म्हणतो तीन आणि येहुदा हानासी म्हणतो चार."